केराआत्याचे वेढे

आमच्या गावातल्या प्रत्येक पुरुषाचं डोकं मला पाठ आहे आणि प्रत्येकाची कंबर केराआत्याला. मी गावचा न्हावी. माझ्या खुर्चीत बसलेला माणूस विचारतो, "मिन्को, मागून विरळ नाही ना रे झाले?" मी म्हणतो, "छे, छे." दोघांचंही भागतं. केराआत्यापुढे उभं राहिल्यावर ही सोय नाही. ती कमरेला दोर लावते आणि सगळ्यांच्या देखत विचारते, "दोन बोटं वाढलास की. खायला घालते ती बायको का शेजारीण?"

हे वर्षातून एकदाच घडतं, मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी सकाळी. त्या दिवशी आम्ही कुकेर होतो. अंगावर बोकडाची केसाळ कातडी, डोक्यावर मणी आणि पिसं लावलेला उंच मुखवटा आणि कमरेभोवती घंटा. साध्या गड्याच्या कमरेला पंचवीस किलो, म्होरक्याच्या कमरेला चाळीस. घरोघरी उड्या मारत जायचं, अंगणाच्या कोपऱ्यात दडून बसलेल्या हिवाळ्याला हुसकायचं, झोपलेल्या जमिनीला उठवायचं आणि शेवटी चौकात म्होरक्यानं नांगर धरून मूठभर गहू पेरायचा. पाद्रीबाबा दरवर्षी म्हणतात की हे सगळं खूळ ख्रिस्ताच्याही आधीचं आहे. आणि दरवर्षी आपलं फाटक सताड उघडून सगळ्यांच्या आधी तेच बाहेर उभे असतात.

आता चाळीस किलो लोखंड कमरेला लावून दिवसभर उड्या मारायच्या म्हणजे ते नीट बांधायला हवं. आधी लोकरीची जाड घडी, तिच्यावर घंटा अडकवलेला चामड्याचा पट्टा आणि मग बोकडाच्या केसांचा दोर, तो कमरेभोवती वेढे घेत घेत आवळायचा. केराआत्या मागे उभी राहते, पाठीच्या मणक्यावर गुडघा टेकवते आणि म्हणते, "श्वास सोड." तुम्ही सोडता. "सगळा सोड म्हटलं, उसना आणलायस का?" तुम्ही उरलासुरलाही सोडता आणि त्याच क्षणी ती दोर ओढते. ती किती वेढे घेते ते मी तीस वर्षांत कधी मोजलं नव्हतं. पाठीत गुडघा रुतलेला असताना माणूस आकडे मोजत नाही, देवाचं नाव घेतो.

गाठ मारून झाली की ती पाठीवर थाप देते. "उडी मार. अजून. अजून एक." बांधलेला पट्टा बांधल्या जागीच तीन उड्या मारून तपासायचा हा आमच्याकडचा नियम. तिसऱ्या उडीला घंटा एका सुरात वाजल्या की ती म्हणते, "जा, उठव तिला." तिला म्हणजे जमिनीला.

केराआत्या आमच्या गावची नव्हे. तुंजा नदीच्या पलीकडची. तिचा बाप गाढवांसाठी खोगिरं बनवायचा आणि ओझं लादून द्यायचा. एकोणिसाव्या वर्षी दोब्रीशी लग्न करून ती इकडे आली. तेव्हा ज्या त्या घरची बाई आपापल्या माणसाचा पट्टा बांधायची आणि दुपार होईतो निम्मे कुकेर चड्डी सावरावी तसे घंटा सावरत फिरायचे. नव्या सुनेनं पहिल्याच वर्षी दोब्रीला बांधलं. संध्याकाळी दोब्रीचा पट्टा तसूभरही हललेला नव्हता. तो सोडायला दोन माणसं लागली. दुसऱ्या वर्षी तिच्या अंगणात पुरुषांची रांग लागली. बायकांनी आधी नाकं मुरडली, मग नवऱ्यांच्या कमरेवरचे वळ मोजले आणि गप्प बसल्या.

"कुठं शिकलीस गं हे?" कुणीतरी विचारलं.

"गाढवांवर," ती म्हणाली. "फरक काही नाही. फक्त गाढवाला श्वास सोड म्हणून सांगावं लागत नाही."

दोब्रीदादा पुढे म्होरक्या झाला आणि एकतीस वर्षं राहिला. मोठी घंटा त्याची. तिला आम्ही आजोबा म्हणतो, कारण तिचा आवाज घशातून येतो आणि सगळ्यांच्या नंतर थांबतो. दोब्रीदादा बोलायला कमी आणि नियमाला कडक. त्याच्याबरोबर फिरताना आमची हसायचीही छाती व्हायची नाही. मुखवट्याआड कोण हसतंय ते त्याला कसं कळायचं, देव जाणे.

त्याच्या कडकपणाची एक गोष्ट सांगतो, कारण पुढे तिचंच काम आहे. वर्षाच्या आत ज्या घरात कुणी गेलं असेल, त्या घरापुढून घंटा वाजवत जायचं नाही. प्रत्येकानं दोन्ही हातांनी घंटा अंगाशी दाबून धरायच्या, वरून खाली, सगळा भार देऊन, आणि पावलापावलानं पुढे सरकायचं. त्या घरच्या विधवेनं त्या वर्षी घंटांना आणि कातड्यांना हात लावायचा नाही. दोब्रीदादाचा सख्खा मोठा भाऊ वारला, तेव्हा वहिनी खिडकीत उभी होती. आम्हाला वाटलं, एक तरी घंटा वाजू देईल. दोब्रीदादानं आजोबाला कवटाळलं आणि मान वर न करता भावाच्या दारावरून पुढे गेला. वळणावर पोचल्यावर त्यानं मुखवटा काढला, तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं. 

दुसरा नियम उलटा आहे. फिरताना कुणाचा पट्टा सुटून घंटा जमिनीवर पडल्याच, तर ज्या घरापुढे पडल्या त्या घरच्या बाईनं तो पट्टा तिथल्या तिथे परत बांधायचा. बांधला नाही, तर त्या दिवशी नांगर धरायचा नाही. नांगर नाही म्हणजे त्या वर्षी गावानं वसंताला बोलावलंच नाही. एकदा एका पाहुण्या कुकेराचा पट्टा पाद्रीबाबांच्याच दारात सुटला. पाद्रीणबाई पीठ मळत होत्या. तशाच आल्या. त्या कुकेराच्या कातडीवर पिठाचे दहा बोटांचे ठसे उमटले आणि पाद्रीबाबा वर्षभर कुणाच्याही नजरेला नजर देईनात.

तर, तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात दोब्रीदादा गेला. छातीत पाणी झालं होतं. वय अडुसष्ट. शहरातल्या दवाखान्यात होता. शेवटच्या आठवड्यात मी त्याची दाढी करायला गेलो, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताला तो गाल देईना. केराआत्या पलंगाच्या पायथ्याशी बसून सफरचंद किसत होती. मी साबण लावला आणि तो साबणातूनच म्हणाला, "केरे."

"बोलू नको, कापेल."

"वसंतात मला घंटांशिवाय ठेवू नकोस."

तिनं किसणं थांबवलं नाही. "तू पाळलेले नियम मी मोडू? तुझ्यासाठी?"

"मोडू नको," तो म्हणाला. "पण ठेवू नकोस."

मी वस्तरा तसाच धरून उभा. मोडायचं नाही आणि ठेवायचंही नाही, म्हणजे करायचं काय? दोब्रीदादानं डोळे मिटले आणि मला गाल दिला. चार दिवसांनी तो गेला. आमचं दफनस्थान केराआत्याच्या बागेच्या कुंपणापलीकडेच आहे. कुकेर तिथं जात नाहीत; मेलेल्यांच्या जागी घंटा नेत नाहीत. तिच्या अंगणात वाजल्या तरच त्याला ऐकू जाणार. आणि तिच्या फाटकाला काळी फीत आणि दोब्रीदादाचा छापील फोटो. फोटोतला भांग मीच पाडलेला होता.

फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेलो. म्होरक्या म्हणून गावानं माझं नाव घेतलं होतं आणि माझी पाचावर धारण बसली होती. ती दारातच भेटली. काळा रुमाल, काळा झगा, हातात कोंबड्यांची परात.

"आत्या," मी म्हटलं, "आमचं ठरलंय. तुझ्या अंगणात वाजवायच्या. गोस्पोदिनदादाला काय बोंबलायचं ते बोंबलू दे."

गोस्पोदिन ऐंशीचा आहे. काठी घेऊन आमच्या पुढे चालतो आणि सगळे नियम त्याच्या डोक्यात असतात.

तिनं परात खाली ठेवली. "कुणाचं ठरलंय?"

"आमचं. सगळ्यांचं."

"सख्ख्या भावाच्या दारावरून तो घंटा दाबून गेला, आणि त्याच्या दारात तुम्ही धिंगाणा घालणार? लाज नाही वाटत? उद्या तीच वहिनी विचारेल, माझा माणूस काय रस्त्यावर पडला होता का? काय सांगू तिला?"

"पण दादा म्हणाला होता..."

"तो काय म्हणाला ते मी ऐकलंय. बहिरी नाही मी."

ती कोंबड्यांवर खेकसली. कोंबड्यांचा काही दोष नव्हता. मी टोपी चुरगाळत उभा राहिलो. मला तिची कीव आली आणि दोब्रीदादाचा रागही आला. मरताना माणसानं इतकं अवघड मागू नये.

"बरं, पट्टे तरी?" मी म्हटलं. "नऊच जण उरलोय. तू बांधले नाहीस तर चौकात पोचेपर्यंत तिघं उरू."

"माझे हात या वर्षी काळे आहेत. घंटेला लागणार नाहीत." मग थोडं थांबून म्हणाली, "पण तोंड काळं नाही. तुझ्या नेदकाला पाठव. सांगेन."

नेदका माझी बायको. शनिवारी दुपारी गावच्या सभागृहात हा वर्ग भरला. घंटा गावच्या मालकीच्या, तिथंच खुंट्यांना टांगलेल्या असतात. केराआत्या खुर्चीवर बसली, हातात काठी, आणि मधे चार हात अंतर. मी गाढव. नेदका शिकाऊ.

"गुडघा वर. अजून वर. त्याला दुखेल याची काळजी करू नकोस, नवराच आहे तुझा."

"श्वास सोड," नेदका म्हणाली.

"असा काय लाडात सांगतेस? हुकूम कर!"

"श्वास सोड!" नेदका ओरडली आणि माझा श्वास आपोआप गेला.

इतर आठ जण भिंतीला टेकून खिदळत होते. केराआत्या काठीनं जमिनीवर ठोके देत होती. एक वेढा, ठक. दुसरा, ठक. तिसरा, ठक. "आता गाठ."

"तीनच?" नेदका म्हणाली. "मला वाटलं जास्त असतील."

"सत्तेचाळीस वर्षं तू बांधलेस का मी?"

"तू, आत्या."

"मग तीन."

मी उड्या मारल्या. बसलं होतं झकास. मग एकेक करून आठही जणांना नेदकानं तीन-तीन वेढ्यांत बांधून दाखवलं. केराआत्यानं मान डोलावली आणि काठीनं खुंटीवरचा आजोबा दाखवला.

"मिन्को, सोमवारी तो तूच लावायचा."

"माझी हिंमत नाही होत, आत्या. पुढच्या वर्षी लावतो."

"म्होरक्या तू, तर आजोबा तुझा. समोरच्या बाजूला, मधोमध. नाहीतर नांगराला हात लावू नकोस."

तिनं त्या घंटेकडे फार वेळ पाहिलं. तिला हात लावावासा वाटत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग ती उठली आणि कोपऱ्यातून, भिंतीच्या कडेनं, घंटांपासून लांब राहून बाहेर गेली. मला भरून आलं. मी नेदकाला म्हटलं, दोर किती काचतोय, सोड आता, म्हणजे कुणी माझ्या डोळ्यांकडे बघणार नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपवासाआधी पांढरं चीज आणि अंडी खायचा शेवटचा दिवस, आणि माफी मागायचाही. आमच्याकडे धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, हात चुंबायचा, म्हणायचं, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा. थोरला म्हणतो, माफ आहे, देवही करो. नेदकानं चीज भरलेली बानित्सा, आमची पापुद्र्याची पोळी, भट्टीतून काढली होती आणि केराआत्याकडे न्यायला फडक्यात बांधत होती. एवढ्यात फाटक वाजलं. पाहतो तर केराआत्याच आत येतेय.

"अगं, आम्हीच येत होतो!" मी म्हटलं. "थोरली कधी धाकट्याकडे येते का?"

"माफ कर मला, मिन्को."

"कशाबद्दल? माझ्या कमरेवरून बोलतेस म्हणून? तसं तर सगळ्यांनाच..."

"बडबड करू नको. मी माफी मागितली. तू काय म्हणायचं?"

मी गोंधळलो. "माफ आहे, आत्या. देवही करो."

"नेदका, तूही."

"माफ आहे, आत्या," नेदका म्हणाली आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. नंतर मला म्हणाली, म्हातारी खचली रे, पुढच्या वसंतापर्यंत राहील असं वाटत नाही. केराआत्यानं बानित्साचा एक तुकडा उभ्या उभ्या खाल्ला, मीठ कमी आहे म्हणाली आणि गेली.

सोमवारी ऊन पडलं होतं, पण छपरांच्या सावलीत अजून बर्फ होता. नेदकानं सभागृहात नऊ जणांना बांधलं. तीन वेढे, गाठ, थाप, तीन उड्या. निघालो. वरच्या आळीपासून सुरुवात केली. दारोदारी अंडी, अक्रोड, वाईनचा घोट. पाद्रीबाबा नेहमीप्रमाणे फाटकात. आजोबा माझ्या पोटावर असा घुमत होता की दाताच्या मुळापर्यंत जाणवत होतं. दोन वेळा मला वाटलं, दोर थोडा सैल पडलाय. पण नेदकाला तसं म्हणायची सोय नव्हती. ती आधीच नखं खात आमच्यामागून चालत होती.

दुपारी आम्ही शेवटच्या उतारावर आलो. तो उतार थेट ओढ्यात उतरतो. मधे उजवीकडे एकच घर आहे, केराआत्याचं. गोस्पोदिननं काठी वर केली.

नऊच्या नऊ जणांनी घंटा दाबल्या.

मी आजोबाला दोन्ही हातांनी वरून धरलं, अंगाचा सगळा भार देऊन, जसं दोब्रीदादा धरायचा. उताराला पाय घसरू नये म्हणून मागे झुकून एकेक पाऊल टाकत होतो. एवढ्या कल्लोळानंतर अशी शांतता झाली की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. ती खिडकीत उभी होती. मी मान वर करायची नाही असं ठरवलं होतं, तरी वर केली. मनात म्हटलं, दादा, मला माफ कर, मला जमलं नाही. तुला या वर्षी घंटांशिवाय राहावं लागणार.

आणि तिच्या फाटकासमोर, अगदी त्याच्या फोटोसमोर, माझा दोर सुटला.

आधी घडी सरकली, मग पट्टा मांडीवर आला, मग चाळीस किलो लोखंड एकदम रस्त्यावर. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. आजोबा दोन गिरक्या घेऊन फाटकाच्या पायरीला टेकला. मागून नेदकाची किंकाळी आली, "मेले मी!"

शोक असलेल्या घरापुढे घंटा पडली! कुणी हललं नाही. आठ जण तसेच घंटा कवटाळून, आणि मी मधे मुखवटा घालून, कंबर मोकळी. गावातली शंभरेक माणसं मागे. सगळे गोस्पोदिनकडे बघायला लागले. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. एका नियमानं तिनं हात लावायचा नाही. दुसऱ्या नियमानं तिनंच बांधायचं.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "घरची बाई कोण आहे इथं?"

फाटक उघडलं. ती आली. काळा रुमाल तसाच, बाह्या मात्र कोपरापर्यंत सारलेल्या. "मी आहे," ती म्हणाली. "पण माझं वर्ष व्हायचंय, गोस्पोदिनदादा. मला हात लावता येत नाही. तू सांग."

"नांगर अडकलाय, केरा," गोस्पोदिन म्हणाला. "नांगर सगळ्यांच्या वर. बांध."

"सगळ्यांच्या समोर सांगतोयस ना?"

"सगळ्यांच्या समोर सांगतो. बांध."

तिनं वाकून आजोबाला उचललं. अंगठ्यानं त्याच्यावरचा चिखल पुसला. मग माझ्यामागे गेली आणि तो ओळखीचा गुडघा मणक्यावर बसला.

"श्वास सोड."

मी सोडला. खरं सांगतो, मुखवट्याआड मी रडत होतो आणि श्वास हुंदक्यांनी जात होता. तिनं आवळलं, गाठ मारली, थाप दिली. आणि म्हणाली, "अंगणात ये. बांधलंय तिथंच तपासायचं असतं ना? माझ्या दारात बांधलंय."

मी अंगणात गेलो. म्होरक्या जिथं जातो तिथं मागच्यांनी जायचं, आणि म्होरक्या उडी मारतो तेव्हा मागच्यांनीही मारायची. हाही नियमच. आठही जण आत आले. मी गोस्पोदिनकडे पाहिलं. तो काठीवर हनुवटी टेकून जमिनीकडे बघत होता.

"उडी मार," ती म्हणाली.

नऊ माणसं एकदम उडाली. कोंबड्या छपरावर गेल्या. "अजून!" बागेतल्या आलुबुखाराच्या झाडांवरचा बर्फ गळाला. "अजून एक!" तिसऱ्या उडीला आजोबा सगळ्यांच्या नंतर थांबला, आणि तो थांबेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. केराआत्या आमच्याकडे बघत नव्हती. ती बागेच्या कुंपणाकडे तोंड करून उभी होती.

"ऐकलंस ना, थेरड्या?" ती मोठ्यानं म्हणाली. "घे आता." मग वळून माझ्या पाठीवर दुसरी थाप दिली. "उभा काय राहिलास? जा, उठव तिला."

त्या दिवशी चौकात मी नांगर धरला आणि गहू पेरला, आणि माझा पट्टा संध्याकाळी सोडायला दोन माणसं लागली. गावात नेदकाचं मात्र वर्षभर हसं झालं. दुकानात, विहिरीवर, माझ्या खुर्चीतसुद्धा. "काय मिन्को, पँट तरी नीट बांधते का रे बायको?" नेदका रडकुंडीला यायची. म्हणायची, "तिनं सांगितलं तसंच केलं हो, एकही वेढा कमी नाही." केराआत्याच तेवढी तिला कधी बोलली नाही. उलट त्या उन्हाळ्यात दर आठवड्याला आमच्याकडे अंडी पाठवायची. मला वाटायचं, हिची दया येते तिला.

वर्ष झालं. काळा रुमाल उतरला. पुढच्या उपवासाच्या सोमवारी आम्ही पुन्हा तिच्या अंगणात रांगेत उभे राहिलो. या वेळी सगळ्यात शेवटी मी, कारण आजोबा माझा. लोकरीची घडी बसली, पट्टा बसला, गुडघा रुतला. आणि का कोण जाणे, नेदकाचं ते वर्षभराचं रडगाणं कानात होतं म्हणून असेल, आयुष्यात पहिल्यांदा मी मोजलं.

एक. दोन. तीन. मी गाठीची वाट पाहिली. दोर पुन्हा कमरेभोवती फिरला.

चार.

मी जागच्या जागी गार पडलो. साध्या घंटा तीन वेढ्यांत राहतात. आजोबाही राहतो, उड्या मारत असेपर्यंत. पण उतारावर, दोन्ही हातांनी वरून सगळा भार देऊन दाबला, की नाही राहत. आणि आमच्या गावात उतारावर शोकाचं घर त्या वर्षी एकच होतं. सत्तेचाळीस वर्षं ओझी बांधलेल्या बाईला हे माहीत नव्हतं, असं कोण म्हणेल? तिनं एकही नियम मोडला नव्हता. एक नियम दुसऱ्यावर अलगद ठेवला होता, नवऱ्यानं मागितलं होतं अगदी तसं. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून मला जे कोडं सुटलं नव्हतं, ते ती सफरचंद किसता किसता सोडवत असणार. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही आणि पाहीन असं वाटत नाही.

"आत्या," मी म्हटलं.  "माफ केलं हं मी तुला."

दोर क्षणभर थांबला.

"ते तू गेल्या वर्षीच केलंयस," ती म्हणाली. "श्वास सोड."